गावदेवी ते वलवण : सहकारी घराचे आकर्षण

इसवी सन १९१५ हे वर्ष वलवणच्या इतिहासात एका कारणाने नोंदले गेले आहे. टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळा, वलवण व शिरवता येथील तलावांत अडविलेले पावसाचे पाणी त्या वर्षी घाट उतरून खोपोलीच्या वीजगृहात पोहोचले आणि त्या विजेवर मुंबईच्या कापडगिरण्या चालू लागल्या. त्याच वर्षी मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आशिया खंडातील ती पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता. तथापि ज्या मुंबईला वलवणचे पाणी वीज पुरवीत होते, त्याच मुंबईत नोकरदार माणसाला डोके टेकण्यापुरती जागा मिळणे दुरापास्त झाले होते.

१८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्तीची दैना जगापुढे मांडली. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते व नव्या वसाहती आखल्या. गावदेवी ही त्यांपैकीच एक. परंतु भूखंड आखले म्हणून घर मिळत नाही. कारकुनी पगारावर जगणाऱ्या कुटुंबाला जागा विकत घेण्याची ऐपत नव्हती आणि घरमालकाच्या मर्जीवर किती दिवस काढावयाचे, हाही प्रश्नच होता. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतसंस्था काढली होती. तीच पुढे शामराव विठ्ठल सहकारी बँक म्हणून नावारूपाला आली. १९०४ चा सहकार कायदा केवळ पतपुरवठ्यापुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही दार उघडले आणि घराचा प्रश्न सहकाराने सोडविण्याचा मार्ग तालमकींना मोकळा झाला.

या संस्थेची रचना आजही समजून घेण्यासारखी आहे. इमारत संस्थेची, सभासदाकडे संस्थेचे भाग. तो भाडे देतो, परंतु ते ज्या संस्थेला देतो तिचा मालक इतर सभासदांसह तो स्वतःच असतो. या पद्धतीला भाडेकरू सहभागीदारी असे नाव आहे. घर कितीही खोल्यांचे असो, सर्वसाधारण सभेत मत एकच. ज्या शहरात माणसाचे वजन त्याच्या मिळकतीवरून ठरत होते, तेथे एका छोट्या वाडीपुरते का होईना, हे समानतेचे तत्त्व लागू झाले. सहकारी घराचे खरे आकर्षण येथे आहे. स्वस्ताई हे त्याचे एक कारण खरे. परंतु घरमालकाची धास्ती नाही आणि आपल्या जिन्याचा, अंगणाचा, पाण्याचा निर्णय आपल्याच सभेत होतो, हे समाधान पैशांत मोजता येत नाही.

गावदेवीचे पहिले रहिवासी प्रामुख्याने कानडा प्रांतातून नोकरीनिमित्त आलेली चित्रापूर सारस्वत कुटुंबे होती. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांनी एकत्र येणे हे त्या काळी स्वाभाविकच होते. कर्जाची परतफेड ओळखीच्या भरवशावर चाले. पुढे अनेक समाजांनी हाच कित्ता गिरविला. जैन कुटुंबांना या व्यवस्थेचे आकर्षण का वाटले, हे या स्मरणिकेच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. देरासर चालत जाण्याच्या अंतरावर असावे, सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ शेजाऱ्यांनाही ठाऊक असावी, साधु-साध्वी गोचरीस आल्या असता दोन-चार घरे लागोपाठ मिळावीत, मुलांची पाठशाळा जवळ असावी, या गरजा एकट्या घराने भागत नाहीत.

याच ठिकाणी एक अवघड प्रश्नही उभा राहतो. शेजारी निवडण्याचा अधिकार कोठवर? अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २००५ मध्ये निकाल दिला, की सभासदत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी बेकायदेशीर नाही. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाचे कलम २३ मात्र पुरेशा कारणाशिवाय कोणालाही सभासदत्व नाकारू नये असे सांगते. दोन्ही गोष्टी कायद्याच्याच आहेत. कायदा जेवढी मुभा देतो तेवढी सगळी वापरलीच पाहिजे असे नाही. ओळखीच्या आधाराने एकत्र येणे आणि अनोळखी माणसाला दार लावून घेणे यांत अंतर आहे. पहिल्यातून संस्था उभी राहते, दुसऱ्याने ती आक्रसते. आपला आचार सांभाळण्यास शेजाऱ्याचा आदर पुरतो, त्याची जात तपासावी लागत नाही, हा अनुभव मिश्र वसाहतींत राहणाऱ्या जैन कुटुंबांना नवा नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठविली, भाड्याने देण्यासाठी घर बांधणे परवडेनासे झाले आणि मालकी हक्काच्या सदनिकांचा काळ सुरू झाला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्क सदनिका कायद्याने सदनिका विकणाऱ्यावर खरेदीदारांची संस्था स्थापन करून देण्याचे व जमीन-इमारतीचे अभिहस्तांतरण करण्याचे बंधन घातले. हेतू उत्तम होता. परंतु क्रम उलटा झाला. गावदेवीला माणसे आधी एकत्र आली, इमारत नंतर उभी राहिली; आता इमारत आधी उभी राहते आणि एकमेकांना न ओळखणारी माणसे नंतर तिचे सभासद होतात. जमीन वर्षानुवर्षे संस्थेच्या नावावर न होण्याचे दुखणे इतके वाढले, की २००८ मध्ये मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली.

वलवणचा प्रवास याहून थोडा वेगळा आहे. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा-खंडाळा हे मुंबईकरांचे हवापालटाचे ठिकाण झाले. बंगले, आरोग्यधामे, मग भूखंडांच्या वसाहती आणि त्यानंतर सदनिका, असा हा क्रम. भूखंडांच्या संस्थांत जमीन संस्थेची आणि घर सभासदाने बांधलेले अशी भाडेकरू मालकीची पद्धतही आढळते. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबई व पुणे या दोन्ही शहरांपासूनचे अंतर काही तासांवर आले. तेव्हापासून या परिसरात शनिवार-रविवारपुरती घरे झपाट्याने वाढली.

घर विकत घेणे आणि संस्थेत राहणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अशा वसाहतींत स्पष्ट दिसते. येथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बंद सदनिकेची गळती खालच्या मजल्यावरील राहत्या कुटुंबाला आधी कळते, मालकाला दिवाळीत. दुरुस्तीसाठी सभा बोलवावी तर गणपूर्ती होत नाही; ती अर्ध्या तासासाठी तहकूब करून, मग हजर असलेल्या पाच-सात जणांत निर्णय घ्यावा लागतो. सर्वांचे मत समान असले तरी ते देण्यास कोणी आलेच नाही, तर त्या समानतेचा उपयोग काय? वर्गणी वेळेवर येते, माणूस येत नाही.

मावळातच पाले येथील लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. अर्हंतांना वंदन करून आरंभ होणारा हा इसवी सनपूर्व काळातील लेख अभ्यासक जैन मानतात. त्यात लेणे व पाण्याचे टाके खोदविल्याची नोंद आहे. राहण्याची जागा आणि पाणी, दोन्ही एकाच दानात.

मुंबईहून पुण्याकडे विहार करणारे साधु-साध्वी आजही घाट चढून याच भागातून जातात. द्रुतगती मार्गावर पायी चालण्यास मनाई असल्याने त्यांची वाट जुन्या महामार्गाची, वलवणजवळून जाणारी. त्यांचे येणे शनिवार-रविवार पाहून होत नाही. मंगळवारी सकाळी एखाद्या वसाहतीत उकाळलेले पाणी आणि सूझता आहार मिळतो तो बारमाही राहणाऱ्या तीन-चार कुटुंबांच्या घरी. संस्थेची वही, पंपाची किल्ली आणि गच्चीवरील पत्र्यांची काळजीही बहुधा त्याच कुटुंबांकडे असते.