कन्सोल गेला, नॉब राहिला

माझ्या टेबलावर विटेपेक्षा लहान अशी एक पत्र्याची पेटी आहे. मधोमध लिंबाएवढा नॉब, बाजूला चार-पाच बटणं, पुढच्या अंगाला हेडफोन लावायची दोन भोकं. घरात स्टुडिओ थाटणारी मंडळी हिला मॉनिटर कंट्रोलर म्हणतात. ही पेटी काही रेकॉर्ड करत नाही, आवाजात कसली भरही घालत नाही. संगणकातून आलेला आवाज कोणत्या स्पीकरला द्यायचा, हेडफोनला द्यायचा का आणि किती मोठा द्यायचा, एवढंच ती पाहते. म्हणून नवा स्टुडिओ उभा करणारा माणूस तिला खरेदीच्या यादीत सगळ्यात शेवटी लिहितो. मीही तसंच केलं होतं. तिचं कूळ शोधायला लागलो ते नंतर, कानाला एक तडाखा बसल्यावर.

आधी नाव पाहू. मॉनिटर आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो वर्गात. बाई बाहेर गेल्या की खडू घेऊन फळ्यापाशी उभा राहायचं आणि बोलणाऱ्यांची नावं लिहायची, हे त्याचं काम. शब्द लॅटिनमधला, ‘मोनेरे’ म्हणजे बजावणं, सावध करणं. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या एका अनाथाश्रमाच्या शाळेत अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून धाकट्यांना शिकवण्याची पद्धत बसवली आणि 1797 साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तक छापलं. पुढे तिथेच जोसेफ लँकेस्टर यांनी तसलीच रीत चालवली आणि शाळांमधून मॉनिटर सर्वदूर गेला. आपल्या घोरपडीलाही इंग्रजीत मॉनिटरच म्हणतात. मगर जवळ आली की ती इशारा देते, अशी जुनी समजूत होती. 1862 साली अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉन एरिक्सन यांनी लोखंडी चिलखताची युद्धनौका बांधली, तिचंही नाव मॉनिटर. शत्रूला बजावणारी म्हणून.

स्टुडिओतला मॉनिटर स्पीकर याच गोत्रातला. गाणं गोड वाजवणं हे त्याचं कामच नव्हे. कुठे खरखर आहे, कुठे गायिकेचा ‘स’ टोचतोय, कुठे तबल्याचा बायाँ सगळ्यांना गिळतोय, हे त्याने बजावायचं. 1940 च्या दशकात अमेरिकेत अल्टेक 604 हा स्पीकर असा मापदंड झाला. 1978 साली यामाहाचा एनएस-10 आला. तो खरं तर घरी गाणी ऐकण्यासाठी होता, पण मधल्या पट्टीतले दोष तो इतके उघडे पाडायचा की त्याचा पांढरा कोन जगभरच्या मिक्सिंगच्या खोल्यांत दिसू लागला. आपल्याकडे मैफलीतला गायक साउंडवाल्याकडे बघून बोट वर करतो, ‘मॉनिटरमध्ये तानपुरा वाढवा’ म्हणतो, तेव्हा तोही हेच मागत असतो: मी सुरात आहे की नाही, ते मला कळू दे.

आता पेटीचं घराणं. तिचा जन्म वेगळी वस्तू म्हणून झालेलाच नाही. जुन्या मोठ्या स्टुडिओत मिक्सिंगचा कन्सोल जेवणाच्या टेबलाहून लांब असे, आणि त्याच्या मध्यावर, इंजिनिअरच्या हाताशी, एक छोटा भाग राखलेला असे. कंट्रोल रूममधले स्पीकर किती मोठे वाजावेत, हे ठरवणारा नॉब तिथे. आवाज एकदम बंद करणारं ‘कट’ तिथे. डावं-उजवं एकत्र करून ऐकवणारं ‘मोनो’ तिथे. काचेपलीकडच्या गायकाशी बोलायचं टॉकबॅकही तिथेच. आणि ‘डिम’. हे बटण मला फार आवडतं. ते दाबलं की स्पीकरचा आवाज साधारण 20 डेसिबलने उतरतो, म्हणजे विजेच्या दाबाच्या हिशेबात एक दशांश होतो. टॉकबॅक दाबलं की डिम आपोआप लागावा अशीच जोडणी असते. नाहीतर कंट्रोल रूमच्या स्पीकरचा आवाज टॉकबॅकच्या माइकमध्ये शिरतो, तिथून गायकाच्या हेडफोनमध्ये, हेडफोनमधून झिरपून त्याच्या माइकमध्ये, आणि तिथून पुन्हा स्पीकरवर. एक फेरी पुरी झाली की शिट्टी, आणि ती शिट्टी ऐन कानावर बसलेल्या हेडफोनमध्ये.

त्या मधल्या भागावर एक जाणता हात असायचा, हे विसरता येत नाही. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई मिक्सिंगला बसत, आणि सत्यजित राय यांच्यासारखा दिग्दर्शक कोलकात्याहून त्यांच्याकडे येई. अशा माणसाच्या हाताखाली शिकणारा मुलगा तारा लावण्याआधी आवाज उतरवायला शिकायचा. कुणी त्याला तसा धडा देत नसे, तो बघून बघून शिकायचा.

नव्वदच्या दशकात रेकॉर्डिंग संगणकात गेलं. फेडर, इक्वलायझर, पॅन सगळं पडद्यावर आलं आणि कन्सोल घराबाहेर पडला. एकच गोष्ट पडद्यावर नीट मावेना: स्पीकरपर्यंत जाणारी शेवटची तार. माउसने आवाज कमी करता येतो, पण संगणक अडकला की माउसही अडकतो आणि स्पीकर किंचाळत राहतो. तेव्हा कन्सोलचा तो मधला तुकडा कापून वेगळ्या पेटीत बसवला गेला. ही पेटी म्हणजे मोडलेल्या वाड्याचं शाबूत राहिलेलं देवघर. नॉब आला, कट आला, डिम आला. त्यांच्यामागचा हात मात्र आला नाही.

हेडफोनचं कूळ याहून जुनं, आणि त्याची गोष्ट उलट्या दिशेची आहे. आज आपल्याला भीती आवाज फार मोठा होण्याची. तो जन्मला तेव्हा आवाज ऐकूच येत नसे. 1881 साली पॅरिसच्या प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेरा टेलिफोनच्या तारांवरून ऐकवला. दोन कानांना दोन रिसीव्हर लावून लोक रांगेत उभे राहिले. 1891 मध्ये एर्नेस्त मर्कादिए यांनी कानात घालायच्या जोडटेलिफोनचं पेटंट घेतलं; वजन जेमतेम 50 ग्रॅम, टोकांना रबर. आजच्या इअरफोनचा तो थेट पूर्वज. मग 1910 साली अमेरिकेतल्या युटा राज्यात नथॅनिएल बाल्डविन या माणसाने आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन तयार केला आणि अमेरिकी नौदलाकडे पाठवला. बिनतारी संदेशाची क्षीण टिकटिक त्यात स्पष्ट उमटत होती. नौदलाने मागणी नोंदवली. बाल्डविन यांनी कळवलं की एका वेळी दहापेक्षा जास्त करता येणार नाहीत, कारण ते अजूनही स्वयंपाकघरातच बनत होते. त्या काळच्या बहुतेक ऐकणाऱ्यांपाशी आवाज वाढवणारा अँप्लिफायर नव्हता. सगळी कला कानाला इवलीशी कंपनं पोचवण्यात होती. 1937 मध्ये बर्लिनच्या बायर यांचा डीटी 48 आला, 1958 मध्ये मिलवॉकीत जॉन कॉस यांनी स्टिरिओ हेडफोन विकायला काढले. या दोन टप्प्यांच्या मध्ये आणि नंतर अँप्लिफायर स्वस्त होत गेले. क्षीण आवाज टिपण्यासाठी कानाला चिकटवलेलं साधन आता ताकदवान यंत्राला जोडलं गेलं. मध्ये हवा नाही, अंतर नाही, दचकून मागे सरकायला जागा नाही.

हेडफोनच्या टोकाची ती जाडजूड पिन, 6.35 मिलिमीटरची, तीही टेलिफोनच्याच घरातली. 1878 च्या जानेवारीत कनेटिकटमधल्या न्यू हेवन गावी पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. पुढे अशा स्विचबोर्डांसाठी चार्ल्स स्क्रिब्नर यांनी घडीच्या चाकूसारखा मिटणारा स्विच बनवला. त्या जॅकनाइफवरून ‘जॅक’ हे नाव पडल्याचं सांगतात. लाइन मोकळी आहे का, हे पाहायला ऑपरेटर बाई पिनचं टोक जॅकच्या कडेला नुसतं टेकवायच्या. कानात टक् वाजलं तर लाइन गुंतलेली. दिवसभर ते टक् कानात. टेलिफोन इंजिनिअरांना ते दुखणं कळलं होतं. म्हणूनच 1949 च्या सुमाराच्या अमेरिकन टेलिफोनमध्ये रिसीव्हरला लागून एक बारीक भाग बसवलेला असे. अचानक उसळलेला मोठा आवाज तो गिळून टाकायचा. स्टुडिओच्या हेडफोनला असा राखणदार सहसा नसतो. म्हणून पिन लावताना आणि काढताना हेडफोन कानावर नकोत. पिन भोकात सरकताना तिचे वेगवेगळे भाग क्षणभर भलत्याच पत्र्यांना शिवतात, आणि तेच जुनं टक् आजच्या अँप्लिफायरच्या ताकदीने वाजतं.

नॉबवरच्या आकड्यांचं एकक, डेसिबल, तेही तिथलंच. तारेच्या प्रत्येक मैलामागे आवाज किती घटतो, हे मोजायला टेलिफोनवाले ‘प्रमाण केबलचा मैल’ हे माप वापरत. कानाला जेमतेम जाणवेल एवढा फरक म्हणजे साधारण तेवढा मैल. 1928 च्या सुमारास ग्रॅहॅम बेल यांच्या स्मरणार्थ डेसिबल हे नाव रुळलं. कान बेरजेने नव्हे, पटीने ऐकतो, हे त्या मापात धरलेलं आहे. नॉबच्या आतला कार्बनचा पट्टाही त्याच हिशेबाने घडवतात. त्यात एक खोट राहते: नॉब अगदी तळाशी असताना डावी आणि उजवी बाजू सारखी चालत नाहीत, गाणं एका कानाकडे कलतं.

म्हणून पेटी बसवताना पहिलं काम, रोजचं ऐकणं नॉबच्या मध्यावर येईल असं करणं. स्पीकरच्या पाठीमागचे छोटे नॉब आधी उतरवायचे. संगणकातून ‘पिंक नॉइज’ नावाचा सपाट खळखळाट उणे 20 डेसिबलवर सोडायचा, एकेक स्पीकर वेगळा वाजवायचा आणि बसायच्या जागी, कानाच्या उंचीवर मीटर धरायचा. मोठ्या चित्रपटगृहासाठी प्रत्येक स्पीकरचं माप 85 डेसिबल धरतात. घरातल्या दहा-बारा फुटांच्या खोलीला ते फार होतं, तिथे 76 ते 79 पुरे. हे माप नॉब मध्यावर असताना मिळेपर्यंत मागचे नॉब हळूहळू चढवायचे, आणि मग पेटीवर पेन्सिलीने खूण करायची. स्पीकरची दुसरी जोडी असेल तर तीही त्याच मापाला आणायची. नाहीतर बटण दाबताच आवाज उसळतो, आणि मोठा वाजणारा स्पीकर विनाकारण चांगला वाटतो.

तारा लावताना कट दाबलेलं असावं. चालू करताना संगणक आधी, मग पेटी, स्पीकर सगळ्यात शेवटी. बंद करताना स्पीकर सगळ्यात आधी. हेडफोनच्या भोकातून थेट स्पीकरच्या तीन टोकांच्या बॅलन्स्ड भोकात तार लावू नये: डावं आणि उजवं एकमेकांतून वजा होतं, मधोमध असलेला गायक गायब होतो, आणि तो शोधायला माणूस नॉब चढवत जातो. संगणकाचे सूचनेचे टिंगटिंग आवाज या वाटेवरून काढून टाकावेत. मिक्स हळू असताना ते गोळीसारखे येतात.

ऐकण्याच्या वेळेचा हिशेबही डेसिबलचाच. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आठ तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 94 ला एक, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना गाणी ऐकणाऱ्यांसाठी आठवड्याला 80 डेसिबलचे 40 तास सांगते.

त्या तडाख्याचं सांगतो. मी 250 ओहमच्या हेडफोनवर मिक्स करत होतो. त्यांना दाब जास्त लागतो, म्हणून पेटीचा हेडफोनचा नॉब बराच वर होता. रात्री गायिकेला ऐकवायला म्हणून ते काढले, 32 ओहमचे लावले, आधी स्वतः कानावर चढवले आणि गाणं सुरू केलं. बाकी सगळं सारखं धरलं तरी तेवढ्याच दाबावर 32 ओहमचा हेडफोन जवळपास आठपट शक्ती खेचतो, म्हणजे 9 डेसिबल वर. माझे तर जात्याच जास्त बोलके होते. समेवरचा डग्गा उजव्या कानात फुटला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या कानात बारीक सूं चालू होतं. हेडफोन आधी तिच्या कानावर चढवले असते तर, हा विचार त्या सूंपेक्षा जास्त छळत होता.

आता हेडफोनच्या नॉबभोवती दोन रंगांच्या पट्ट्या आहेत, हिरवी 32 ची, पिवळी 250 ची. हेडफोन बदलायचे तर नॉब शून्यावर, मग पिन, मग गाणं, मग हेडफोन कानावर, आणि त्यानंतरच नॉब वर. गायला येणाऱ्या मुलांच्या हातात मी हेडफोन देतो तेव्हा ते कानाजवळ नेऊन आधी नुसतं ऐकतात, मग चढवतात. त्यांना मी हे सांगितलेलं नाही.