स्लकॉन म्हणजे काय?

फोनचं स्टोरेज फुल झालं की आपण फोटो डिलीट करत बसतो. पण मुळात सॉफ्टवेअर इतकं जड कशाला, असं विचारणारे प्रोग्रॅमरही आहेत. त्यांच्या एका गटाचं नाव सकलेस, आणि या गटाचं संमेलन म्हणजे स्लकॉन. २०१५ मध्ये ते हंगेरीतल्या बुडापेस्टला, तर २०१७ मध्ये जर्मनीतल्या वुर्झबुर्गला भरलं होतं.

गटाची सुरुवात जर्मन प्रोग्रॅमर आन्सेल्म गार्बे यांनी केली. तत्त्व सरळ आहे: कोड जितका कमी, तितक्या चुका कमी, आणि एकट्या माणसालाही तो पूर्ण वाचून समजतो. लिनक्सवर स्क्रीनवरच्या विंडो मांडणारा त्यांचा डीडब्ल्यूएम हा प्रोग्रॅम २००६ मध्ये आला. त्याचा कोड २००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलंय.

मग सगळेच तो का वापरत नाहीत? कारण त्यात सेटिंग्जचा मेनूच नाही! साधा रंग बदलायचा तरी सी भाषेतली फाइल एडिट करून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा लागतो. त्यामुळे वापरणारे मोजकेच राहतात, हे ते स्वतःही मान्य करतात. म्हणजे साधा कोड आणि वापरायला सोपं ॲप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.