तळटीप १७ : स्क्वेल्चचे बटण

तांडेल येथे वायरलेसचे जे बटण फिरवतो, ते स्क्वेल्चचे. बोटींवरचे व्हीएचएफ संच एफएम पद्धतीचे असतात. चॅनलवर कोणी बोलत नसले की असा संच अँटेनावरचा आणि स्वतःच्या आतला गोंगाटच पूर्ण ताकदीने वाढवतो. स्पीकरमधून कान किटवणारी खरखर येते.

उपाय त्या खरखरीतच सापडला, ही यातली खरी हुशारी. बोलणे समजायला साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झचा पट्टा पुरतो; गोंगाट मात्र त्याच्याही वर पसरलेला असतो. एक फिल्टर हा वरचा भाग वेगळा काढतो. त्याची पातळी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असेपर्यंत स्पीकर बंद राहतो. संदेश आला की गोंगाट एकदम दबतो आणि आवाज मोकळा होतो. उघडण्याची आणि मिटण्याची पातळी मुद्दाम थोडी वेगळी ठेवतात, नाहीतर कमकुवत संदेश तुटक तुटक ऐकू येईल.

बटण फिरवायचे ते खरखर थांबेपर्यंतच. त्यापुढे पिळले, तर १६ नंबरच्या चॅनलवर (१५६.८ मेगाहर्ट्झ) दूरच्या बोटीने मारलेली मदतीची हाक संचापर्यंत पोहोचूनही कानावर पडणार नाही.

काही संच आवाजाखाली दडवलेला ठरावीक सूर ओळखूनच उघडतात. हा सूर ३०० हर्ट्झच्या खाली असतो आणि दुसरा फिल्टर तो स्पीकरपर्यंत जाऊ देत नाही.