लठ्ठपणा आणि पचनसंस्थेचे कर्करोग

लठ्ठपणा म्हणजे आरोग्यास अपायकारक ठरेल इतकी चरबी शरीरात साठणे. लठ्ठपणामुळे पचनसंस्थेतील अनेक अवयवांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असे संशोधनातून दिसून आले आहे. हा संबंध सर्व अवयवांत सारखा नसतो; एकाच अवयवाच्या कर्करोगाच्या दोन प्रकारांत तो परस्परविरुद्धही आढळतो.

मोजमाप

लठ्ठपणा मोजण्यासाठी सामान्यतः शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता तो मिळतो. उदाहरणार्थ, १.६० मीटर उंचीच्या व ६४ किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीचा निर्देशांक २५ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार २५ किंवा त्याहून अधिक निर्देशांक हे अतिरिक्त वजन, तर ३० किंवा त्याहून अधिक हा लठ्ठपणा होय. भारतीयांमध्ये तुलनेने कमी वजन असतानाही पोटात चरबी साठण्याची प्रवृत्ती आढळते. त्यामुळे भारतीय तज्ज्ञांनी या मर्यादा अनुक्रमे २३ व २५ अशा सुचविल्या आहेत. चरबी शरीरात कोठे साठली आहे हे निर्देशांकावरून कळत नाही, म्हणून कंबरेचा घेरही मोजतात. भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही त्याची मर्यादा मानली जाते.

बाधित अवयव

फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये उपलब्ध पुराव्यांचा आढावा घेतला. त्यानुसार अतिरिक्त चरबीचा संबंध १३ प्रकारच्या कर्करोगांशी आहे आणि त्यांपैकी सहा पचनसंस्थेतील आहेत. सामान्य निर्देशांकाच्या व्यक्तींच्या तुलनेत सर्वाधिक निर्देशांकाच्या गटातील धोका पुढीलप्रमाणे आढळला :

* अन्ननलिका (ॲडिनोकार्सिनोमा हा प्रकार) – सुमारे ४.८ पट
* जठराचा अन्ननलिकेलगतचा भाग – १.८ पट
* यकृत – १.८ पट
* स्वादुपिंड – १.५ पट
* मोठे आतडे व गुदाशय – १.३ पट
* पित्ताशय – १.३ पट

हे आकडे तुलनात्मक आहेत. मूळ धोका अल्प असल्यास तो काही पटींनी वाढूनही बहुसंख्य लठ्ठ व्यक्तींना तो कर्करोग होत नाही. उलट मोठ्या आतड्याचा कर्करोग जगात बराच आढळत असल्याने त्यातील लहान वाढही मोठ्या संख्येने रुग्णांची भर घालते.

कारणे

चरबीच्या पेशी केवळ ऊर्जा साठवीत नाहीत, तर अनेक रासायनिक द्रव्येही स्रवतात. लठ्ठपणात इन्सुलिनचा परिणाम मंदावतो व त्याचे रक्तातील प्रमाण वाढते. इन्सुलिन पेशींच्या वाढीस व विभाजनास चालना देते. लेप्टिन हे संप्रेरक वाढते आणि संरक्षक मानले जाणारे ॲडिपोनेक्टिन घटते. शरीरात सौम्य स्वरूपाचा दाह दीर्घकाळ टिकून राहतो.

काही कारणे त्या त्या अवयवाशी निगडित आहेत. पोटातील चरबीच्या दाबामुळे जठरातील आम्ल वर अन्ननलिकेत येते. वारंवार असे घडल्यास अन्ननलिकेच्या खालच्या भागातील अस्तर बदलते. या स्थितीस बॅरेट अन्ननलिका म्हणतात व तीतून पुढे ॲडिनोकार्सिनोमा उद्भवू शकतो. यकृतात चरबी साठून दाह झाल्यास कालांतराने यकृत कठीण होते (सिरोसिस) व कर्करोगाचा धोका वाढतो. लठ्ठपणात पित्ताशयात खडे होण्याचे प्रमाणही अधिक असते आणि हे खडे पित्ताशयाच्या कर्करोगास पोषक ठरतात.

प्रकारभेद

अन्ननलिकेच्या कर्करोगाचा दुसरा प्रमुख प्रकार म्हणजे स्क्वॅमस पेशींचा कर्करोग. भारतात हाच प्रकार अधिक आढळतो. तंबाखू व मद्य ही त्याची महत्त्वाची कारणे असून लठ्ठपणाने त्याचा धोका वाढत नाही. उलट अधिक वजनाच्या व्यक्तींत तो कमी आढळतो. यावरून लठ्ठपणा संरक्षक आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. धूम्रपान करणाऱ्यांचे वजन अनेकदा कमी असते, तसेच निदानापूर्वीच रोगामुळे वजन घटलेले असू शकते. सडपातळ व्यक्ती कर्करोगापासून सुरक्षित असते, हा समजही त्यामुळे चुकीचा ठरतो.

प्रतिबंध

नियमित शारीरिक हालचाल, संतुलित व तंतुमय आहार आणि वजनावर नियंत्रण हे मुख्य उपाय होत. अतिलठ्ठ व्यक्तींवर वजन घटविण्याची शस्त्रक्रिया केल्यानंतर लठ्ठपणाशी संबंधित कर्करोगांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले. हा अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने ही घट सर्वस्वी शस्त्रक्रियेमुळेच झाली, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

प्रयत्न न करता वजन घटणे ही समाधानाची बाब नसून ते पचनसंस्थेच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. त्याचप्रमाणे गिळताना अडथळा, शौचावाटे रक्त, कावीळ किंवा शौचाच्या सवयीत टिकून राहणारा बदल आढळल्यास, वजन कितीही असले तरी, वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.