बिअर टेस्टिंग जर्नल म्हणजे काय? फोनवर ते कसं आणि कुठे ठेवायचं

बिअर टेस्टिंग जर्नल म्हणजे तुम्ही चाखलेल्या प्रत्येक वेगळ्या बिअरची तुमची स्वतःची नोंद. कुठली, कधी, कशी लागली, परत घ्यावी का. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली आणि त्यानंतर आपल्याकडे मायक्रोब्रूअरीज वाढत गेल्या. आता मेन्यूवर लागर, विटबिअर, हेफेवाइझेन, आयपीए, स्टाउट अशी नावं असतात, आणि तीन महिन्यांनी 'ती केळ्याच्या वासाची कुठली होती रे?' हा प्रश्न ग्रुपवर येतो. उत्तर कुणाकडेच नसतं. गॅलरीत फक्त ग्लासचा फोटो सापडतो.

(महाराष्ट्रात बिअरसाठी किमान वय २१ आहे, गोव्यात १८. त्याआतल्यांनी हीच पद्धत फिल्टर कॉफीवर वापरून बघा, तिथेही छान चालते.)

स्टार नको, शब्द हवेत

बहुतेक जण फक्त रेटिंग देतात. पण '४ स्टार' या नोंदीतून सहा महिन्यांनी काहीच कळत नाही. बिअर स्पर्धांमध्ये बीजेसीपी नावाची गुणपत्रिका वापरतात. तिचे ५० गुण असे वाटलेले आहेत: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला जाडपणा आणि फेसाळपणा ५, एकूण मत १०. तुम्ही गुण नाही दिलेत तरी चालेल, पण हे पाच कप्पे उपयोगी आहेत. दिसण्याला फक्त ३ गुण आणि वासाला १२, हे लक्षात घ्या. आपण करतो नेमकं उलटं: आधी फोटो काढतो, मग वास उडून गेल्यावर पितो. ग्लास समोर आला की आधी वास घ्या आणि एक ओळ लिहा. दुसऱ्यांची रेटिंग्ज त्यानंतर बघा. आधी बघितलीत तर जीभ तेच शोधत बसते.

शब्द मात्र तुमचे वापरा. इंग्रजी रिव्ह्यूत 'ग्रेपफ्रूट' असतं, आपल्याला पपनस जास्त ओळखीचं आहे. 'रोस्टेड' लिहिण्याऐवजी करपलेली भाकरी, भाजलेले शेंगदाणे, गुळाचा पाक, कैरी असं लिहिलंत तर वाचताना चव परत आठवते. जीबोर्डवर मराठी व्हॉइस टायपिंग आहे, त्यामुळे टाइप करायचाही कंटाळा नको.

थोडं विज्ञान माहीत असेल तर नोंदी आणखी कामाच्या होतात. हेफेवाइझेनमध्ये केळं आणि लवंग लागते, पण त्यात दोन्ही घातलेलं नसतं; ते वास यीस्ट तयार करतं. विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. लोण्यासारखा वास आला तर तो डायअसेटिल, बहुतेक प्रकारांत तो दोष मानतात. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली तर हॉप्समधल्या घटकांवर प्रकाशाची क्रिया होऊन एक उग्र, घाणेरडा वास येतो. तपकिरी बाटलीत हे कमी होतं, कॅनमध्ये होतच नाही.

म्हणून नोंदीत दोन गोष्टी न चुकता घाला: कॅन, बाटली की टॅप, आणि लेबलवरची उत्पादनाची तारीख. एखादी आयपीए बेचव लागली आणि ती पाच महिने जुनी होती असं दिसलं, तर दोष कदाचित ब्रूअरीचा नाही, दुकानातल्या शेल्फचा आहे. हॉप्सचा वास सगळ्यात आधी उतरतो.

नोंदी कुठे ठेवायच्या?

सगळ्यात प्रसिद्ध ॲप अनटॅप्ड, २०१० पासून चालू. बिअर शोधा, चेक-इन करा, रेटिंग द्या, बॅज मिळवा. सोयीचं आहे, यात वाद नाही. पण त्याआधी रेटबिअरची गोष्ट ऐका. ही साइट २००० साली सुरू झाली आणि लोकांनी तिथे वर्षानुवर्षं बारकाईने नोंदी लिहिल्या. २०१९ मध्ये ती पूर्णपणे एबी इनबेव्ह या बलाढ्य बिअर कंपनीकडे गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. ज्यांनी आपल्या नोंदी वेळेत उतरवून घेतल्या नाहीत, त्यांची वही गेली.

त्यामुळे आमचं मत स्पष्ट आहे: मूळ वही तुमच्याकडे, ॲप हवं तर वरून. सोपा मार्ग म्हणजे गूगल फॉर्म. नाव, ब्रूअरी, प्रकार, एबीव्ही, किती मिली, कॅन-बाटली-टॅप, उत्पादनाची तारीख, वास, चव, 'परत घेईन का' असे प्रश्न टाका आणि फॉर्मचा शॉर्टकट होम स्क्रीनवर ठेवा. उत्तरं आपोआप शीटमध्ये जमतात, आणि ती शीट सीएसव्ही म्हणून कधीही डाउनलोड होते. फॉर्म नको असेल तर गूगल कीपमध्ये एक लेबल करून साध्या नोट्स लिहा. शोध मराठीतही चालतो.

लोकेशनचं भान

२०२० मध्ये बेलिंगकॅट या शोधपत्रकारांच्या गटाने दाखवलं, की अनटॅप्डवरच्या चेक-इनवरून लष्करातल्या लोकांची ये-जा शोधता येते. हॅकिंग वगैरे काही नाही, लोकांनी स्वतःच टाकलेली माहिती. तुम्ही लष्करात नसाल, पण दर शुक्रवारी कुठे आणि किती वाजता असता हे घरमालकाला, ऑफिसला किंवा नातेवाइकांना कळावं असं वाटतं का? प्रोफाइल प्रायव्हेट करा, चेक-इनमध्ये जागा टाकू नका, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन सेव्ह करणं बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यातलं लोकेशनही सोबत जातं.

मिली आणि टक्के

हा रकाना लोक टाळतात. टाळू नका. मिली गुणिले एबीव्ही, भागिले १००, गुणिले ०.७८९ केलं की ग्रॅममध्ये अल्कोहोल मिळतं. शीटमध्ये एकदा सूत्र टाकलं की झालं. ६५० मिलीची ५ टक्के बाटली म्हणजे साधारण २६ ग्रॅम, तीच ८ टक्के स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम. अमेरिकेत एक 'स्टँडर्ड ड्रिंक' १४ ग्रॅमचं धरतात, म्हणजे 'एकच बाटली घेतली' यातल्या त्या एकात जवळजवळ तीन बसतात. लेबलवर 'जास्तीत जास्त ८ टक्के' असं असेल तर ८ च धरा. महिन्याची बेरीजही त्याच शीटमध्ये दिसेल. ॲपमधले बॅज चाखलेल्या बिअरची संख्या वाढवायला लावतात, ही बेरीज ते करत नाही. हे आकडे गाडी चालवायची की नाही हे ठरवायला वापरू नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे आणि ती फार लवकर येते. प्यायलात तर कॅबच.

जास्त प्रकार चाखायचे असतील तर ब्रूअरीत छोट्या ग्लासांचा सॅम्पलर मागा. हलक्यापासून कडू आणि गडदकडे जा, मध्ये पाणी प्या. चौथ्या ग्लासची तुमची नोंद दर वेळी नुसतीच 'कडू' एवढी येत असेल, तर पुढच्या वेळी तीनच मागवा.