एका बाकावर कोण बसणार? जॉर्ज टाउनमधलं ख्रिस्ती कॉलेज

आज आपण चेन्नईच्या जॉर्ज टाउनमध्ये जाणार आहोत. हायकोर्टासमोरचा, पॅरीज कॉर्नरच्या मागचा हा गजबजलेला भाग. किल्ल्यात इंग्रज राहायचे आणि किल्ल्याबाहेर देशी लोक, म्हणून याला ‘ब्लॅक टाउन’ म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी पंचम जॉर्जच्या नावानं ते जॉर्ज टाउन झालं.

या वस्तीत तमिळ, तेलुगू, गुजराती, मारवाडी, आर्मेनियन, मुसलमान सगळे होते. पण गल्ल्या वाटलेल्या होत्या. तमिळ मुलखात जातींचे ‘उजव्या हाताच्या’ आणि ‘डाव्या हाताच्या’ असे दोन गट असत. कोणाची मिरवणूक कुठल्या रस्त्यानं जाणार, यावरून त्यांच्यात दंगे होत. 1707 मध्ये हे भांडण इतकं विकोपाला गेलं, की गव्हर्नर थॉमस पिट यानं एका गटाला पेद्दनायकनपेट्टै आणि दुसऱ्याला मुत्यालपेट्टै असे वेगळे भाग ठरवून दिले. थोडक्यात, विविधता भरपूर, पण प्रत्येकाची जागा ठरलेली.

अशा वस्तीत 3 एप्रिल 1837 रोजी जॉन अँडरसन या स्कॉटिश मिशनऱ्यानं आर्मेनियन स्ट्रीटवर भाड्याच्या घरात शाळा सुरू केली. मुलं होती 59, आणि तीही हिंदू. हीच शाळा पुढे मद्रास ख्रिश्चन कॉलेज झाली. म्हणजे पहिल्या दिवसापासून चित्र असं, की संस्था ख्रिस्ती, शिक्षक ख्रिस्ती, बायबलचा तास सक्तीचा, आणि बाकांवर मात्र हिंदू मुलं. आईबापांना हवं होतं इंग्रजी, मिशनला हवं होतं धर्मांतर. दोघांनाही एकमेकांचा हेतू ठाऊक होता.

पुढच्याच वर्षी, 1838 मध्ये, खरी कसोटी लागली. परैयर जातीची काही मुलं शाळेत आहेत, हे सवर्ण पालकांच्या लक्षात आलं. त्यांची मागणी होती, त्यांना काढा; नाहीतर निदान वेगळं बसवा. अँडरसननं दोन्हीला नकार दिला. बरीच मुलं शाळा सोडून गेली, पण बाक वेगळे झाले नाहीत. ज्या वस्तीत रस्तेसुद्धा जातीनं वाटलेले होते, तिथे एक वर्ग तसा वाटायला नकार मिळाला. मला विचाराल, तर या संस्थेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा क्षण आहे.

दुसरा धक्का 1841 चा. राजगोपाल आणि वेंकटरामय्या या दोन विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि शाळा जवळजवळ रिकामी झाली. आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. मुंबईत जॉन विल्सनच्या शाळेत 1839 मध्ये दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हेच झालं होतं. 1843 मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत कोर्टामार्फत वडिलांकडे परत आला आणि त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी शास्त्र्यांशी झुंज घेतली. मद्रास काय, मुंबई काय, मुलं धर्म बदलतात म्हटलं, की पटसंख्या कोसळायची.

मग 1862 मध्ये विल्यम मिलर आले. 1877 मध्ये ‘मद्रास ख्रिश्चन कॉलेज’ हे नाव पडलं, ते त्यांच्याच काळात. मिलर यांचा विचार वेगळा होता. एकेका मुलाचं धर्मांतर करत बसण्यापेक्षा शिकलेल्या हिंदू समाजात ख्रिस्ती विचार झिरपू द्यावा, असं त्यांचं म्हणणं. हा विचार यशस्वी झाला, तो भलत्याच रीतीनं. सर्वपल्ली राधाकृष्णन याच जॉर्ज टाउनमधल्या कॉलेजात शिकले. मिशनऱ्यांच्या टीकेनं त्यांचा अभिमान दुखावला, आणि त्यातूनच आपण हिंदू धर्माचा अभ्यास करू लागलो, असं त्यांनीच पुढे सांगितलं. 1908 मध्ये त्यांनी वेदान्ताच्या नीतिविचारावर प्रबंध लिहिला आणि प्राध्यापक हॉग यांनी त्याचं कौतुकही केलं. पट्टाभि सीतारामय्या, सत्यमूर्ती आणि पहिले भारतीय अँग्लिकन बिशप अझरिया हेही इथलेच विद्यार्थी. तेलुगू, तमिळ, हिंदू, ख्रिस्ती सगळे आले.

पण झिरपण्याच्या या विचारात एक अडचण होती. झिरपणार ते वरून खाली, म्हणजे आधी शिकणार वरचे. 1882 च्या हंटर आयोगावर मिलर सदस्य होते. त्याच आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं: वरच्या वर्गाच्या शिक्षणावर एवढा खर्च झाला, त्यातलं खाली काय आलं? आधी सर्वांना प्राथमिक शिक्षण द्या, तेही सक्तीचं. स्कॉटिश मिशनच्याच परंपरेतली ही दोन माणसं, पण त्यांची उत्तरं किती वेगळी! मिलर यांच्या वर्गात विविधता होती, यात शंका नाही. पण 1838 मध्ये ज्यांच्यासाठी अँडरसननं शाळा रिकामी होऊ दिली, त्यांची मुलं कॉलेजच्या बाकापर्यंत पोचायला अजून फार वेळ होता.

1937 मध्ये, शताब्दीच्या वर्षी, कॉलेज जॉर्ज टाउन सोडून तांबरमच्या मोठ्या वनराईत गेलं. 1939 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला, म्हणजे शंभर वर्षांनंतर.

आणि आज? अशा कॉलेजांत कोण किती, हे आता प्रवेशाच्या नियमांवर ठरतं. सेंट स्टीफन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं अनुदानित अल्पसंख्याक संस्थांना आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा ठेवायची मुभा दिली. 2002 च्या टी. एम. ए. पै निकालानं तो ठरीव आकडा सैल केला. पण परैयर मुलगा ख्रिस्ती झाला, तर तो कुठल्या रकान्यात? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो अनुसूचित जातीत मोजला जात नाही. शिखांना ती सवलत 1956 मध्ये मिळाली, बौद्धांना 1990 मध्ये. ख्रिस्ती दलितांना नाही. तमिळनाडू त्यांना मागासवर्गात धरतो.

जॉर्ज टाउनमध्ये आता कॉलेज नाही. एस्प्लनेडवर अँडरसनच्या नावाचं चर्च तेवढं उभं आहे. मंडळी, एखाद्या कॉलेजात किती धर्म, किती भाषा, हे मोजणं सोपं असतं. तिथून एकदा गेलात, तर 1838 चा तो प्रश्न आठवा: कोणाला वेगळं बसवा म्हणून सांगितलं जातं, आणि ‘नाही’ कोण म्हणतं?