सदतीस फुटांत एक फूट

घर्षण हा शब्द पाठ्यपुस्तकात आला की मुले जांभया देऊ लागतात. पण किनवटच्या रानातून सागाचा ओंडका ओढताना ज्याने बैल पाहिले असतील, त्याला घर्षण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बैलांच्या मानेला ते पक्के ठाऊक असते. माणसाला मात्र त्याचा हिशेब मांडायला फार काळ लागला.

इटलीतील लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी हे नियम आपल्या वह्यांत टिपले. पण ते वह्यांतच राहिले. फ्रान्समधील आमाँताँने १६९९ साली ते पुन्हा शोधले आणि पुढे कुलाँने प्रयोगांनी पक्के केले. सार एवढेच की, घर्षण दाबावर अवलंबून असते, टेकलेल्या पृष्ठाच्या लांबी-रुंदीवर नाही. वस्तू जमिनीला जेवढी दाबते, त्या दाबाला त्या दोन पृष्ठांच्या घर्षणांकाने गुणावे, की घर्षण आले.

आता फराळाचे ताट जरा बाजूला सारा आणि माझ्याबरोबर हिशेब करा. ओंडका ३९० किलोचा, घर्षणांक अर्धा. सपाटीवर ओढायला १९५ किलोचा जोर लागेल. आता तेरा फूट चाललो की पाच फूट चढ, असा उतार घ्या. इथे वजनाचे दोन वाटे होतात. तेराव्यातले पाच वाटे, म्हणजे १५० किलो, ओंडक्याला खाली ओढतात. तेराव्यातले बारा वाटे, म्हणजे ३६० किलो, उताराला दाबतात. घर्षण त्याच्या निम्मे, १८० किलो. म्हणून वर चढवायला १५० अधिक १८०, म्हणजे ३३० किलोचा जोर हवा. खाली आणायला अवघा ३० किलोचा. तोच ओंडका, तेच बैल. फक्त जमीन कलली!

हाच हिशेब महाराष्ट्रात एकदा फार मोठ्या पाटीवर मांडला गेला, तो बोरघाटात. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या आगगाडीला सह्याद्री आडवा आला. जेम्स बर्कले या इंजिनिअरने सोळा मैलांहून थोड्या कमी अंतरात १८३१ फुटांची चढण आखली. सर्वांत कठीण जागी सदतीस फुटांत एक फूट चढ. ऐकायला तो किती थोडा! पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतके सहज फिरते की, सपाटीवर शंभर टनांच्या गाडीला चारशे किलोच्या आसपास जोर पुरतो. या चढावर त्यात २७०० किलोंची भर पडते. म्हणजे ओझे जवळजवळ आठपट!

शिवाय इंजिन ओढते तेही घर्षणाच्याच बळावर. कोरड्या रुळावर चाकांची पकड त्यांच्यावरील भाराच्या पावपट धरली, तर पावसात ती निम्म्यावर येते आणि चाके जागच्या जागी गरगरतात. म्हणून इंजिनातून रुळावर वाळू सोडतात. आजही कर्जतला अनेक गाड्यांना मागून इंजिने जोडतात, ती याच हिशेबापोटी.

उतरणीचे भय तर निराळेच. त्या काळी ब्रेक माणसे हाताने आवळीत. गाडी सुटली तर? म्हणून उतरणीवर मध्येच चढावर जाणारे आडमार्ग ठेवले. ताब्यात नसलेली गाडी त्यावर चढून आपोआप थांबावी. जो चढ वर जाताना वैरी, तोच सुटलेल्या गाडीला तारक.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर याने या मार्गाचे उद्घाटन केले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला, तेव्हा त्याची पत्नी अॅलिस हिने ते कंत्राट पुढे चालविले. ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर इथे राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगांनी आणि कड्यांवरून पडून त्यांतले हजारो मेले. फ्रियरचे नाव इतिहासात आहे, बर्कलेचे आहे. त्या मजुरांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

शंभर टनांच्या गाडीला किती जोर लागतो, हे गणित सांगते. तो चढ सदतिसास एक इतका सौम्य व्हावा म्हणून किती हाडे झिजली, ते सांगत नाही. दिवाळीला पुण्यामुंबईहून घरी येणाऱ्यांनो, घाटात गाडीची गती मंदावली की कुरकुरू नका. खिडकीतून त्या बोगद्यांकडे एकदा पाहा, आणि ते खोदणाऱ्यांची मनोमन आठवण करा.